चांदणी, करंजी आणि जातीचा दाखला

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज एकदमच सुरू होतात. एक, लाल टोपी, बर्फ, घंटा आणि ‘मेरी ख्रिसमस गाईज’. दुसरा, ‘हा आपला सण नाही, गुलामगिरी सोडा’ छापाचा फॉरवर्ड. मग त्याखाली भांडण. कुणीतरी चिडून ग्रुप सोडतं, दोन दिवसांनी अॅडमिन त्याला परत घेतो. तुम्ही उमरग्यात असा नाहीतर सोलापूर-लातूरला हॉस्टेलवर असा, हे दरवर्षीचं आहे.

गंमत अशी, की भांडणाऱ्या या दोन्ही टोळक्यांचं एका गोष्टीवर एकमत असतं. ख्रिसमस बाहेरचा आहे. एकाला तो बाहेरचा म्हणून भारी वाटतो, दुसऱ्याला बाहेरचा म्हणून खुपतो. आणि त्याच ग्रुपमध्ये एखादी मुलगी खरोखर ख्रिस्ती असते, ती काहीच लिहीत नाही. तिला आईसोबत करंज्या तळायच्या असतात.

हो, करंज्याच. केक नंतर येतो, तोही बेकरीतून.

मराठी ख्रिस्ती घरातला नाताळ तुम्ही कधी पाहिला नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं होती १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकसुद्धा पूर्ण नाही. त्यातली बरीचशी मुंबई, वसई, ठाणे, पुण्याकडं. मराठवाड्यात मोजकी घरं. त्यामुळं ख्रिसमस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मॉल येतो, नाहीतर हॉलिवूडचा सिनेमा. ज्या घरात तो खरंच होतो, ते घर येत नाही.

तर त्या घरात काय होतं? आठवडाभर आधी फराळ सुरू होतो. शंकरपाळ्या, चिवडा, लाडू, करंज्या. दिवाळीला शेजारच्या काकूंनी जे केलं तेच, महिना-दीड महिन्यानं. डबेसुद्धा तसेच, स्टीलचे, झाकणाला कागद लावलेले. घराबाहेर कागदाची चांदणी लागते, आत बल्ब. बहुतेक जण तिला स्टारच म्हणतात. आत कोपऱ्यात मुलं गोठा करतात. माती, गवत, खोक्याचा पुठ्ठा आणि मागच्या वर्षीचे, एखाद्या मेंढराचा पाय तुटलेले पुतळे. रात्री कॅरलची फेरी निघते. तुम्हाला वाटेल गिटार असेल. असतेही कधी. पण मराठी मंडळींच्या फेरीत पेटी, ढोलकी आणि टाळ जास्त दिसतात, आणि लांबून ऐकलंत तर भजनी मंडळच आलं असं वाटेल. पंचवीस तारखेला सकाळी नवे कपडे, चर्चमध्ये उपासना, दुपारी मटण आणि पुलाव. मग क्रोशाच्या रुमालानं झाकलेली फराळाची ताटं शेजारीपाजारी जातात. आणि या सगळ्याला ते लोक घरात ‘नाताळ’ म्हणतात, ‘ख्रिसमस’ स्टेटसपुरता. नाताळ हा शब्द पोर्तुगीज आहे, जन्मदिवस या अर्थाचा. आपल्याकडं तो पगार, पाद्री आणि चावीसोबतच आला आणि राहिला. पगार घेताना आपण कुणी म्हणत नाही की शब्द परकीय आहे.

जागा बदलली की ताटही बदलतं. गोव्यात दोदोल, कुलकुलं आणि नेवऱ्यो. नेवरी म्हणजे पुन्हा करंजीच. वसईच्या पट्ट्यात आणखी वेगळं, तिथल्या ख्रिस्ती समाजांची बोलीही वेगळी आणि मसालाही वेगळा. एकच एक ‘ओरिजिनल’ ख्रिसमस शोधायला निघालात तर दमून परत याल.

एक शब्द मात्र उमरग्याच्या पोरापोरींना मुंबईवाल्यांपेक्षा चांगला कळेल. बायबलच्या गोष्टीत जन्मलेल्या बाळाला जनावरांच्या चाऱ्याच्या जागी ठेवतात. इंग्रजी माध्यमाच्या शहरी मुलाला तो शब्द डिक्शनरीत बघावा लागतो. मराठी बायबलमध्ये तिथं सरळ ‘गव्हाण’ आहे. तुमच्या शेतातल्या गोठ्यात आहे ना, तीच. कडबा टाकतात ती. ही गोष्ट आपल्याला समजावून सांगायला बर्फ लागत नाही.

जुनं म्हणजे किती जुनं?

इंग्रजीत एक शब्दप्रयोग आहे, ‘जुन्या पद्धतीचा घरगुती ख्रिसमस’. शेकोटी, सजवलेलं झाड, घरातले सगळे एकत्र, भेटी. यूट्यूबवर डिसेंबरात याचे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ असतात. हे चित्र आहे किती जुनं?

फार नाही. चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ आलं १९ डिसेंबर १८४३ला. बाजारात विकायला छापलेलं पहिलं ख्रिसमस कार्डही त्याच वर्षीचं, लंडनचं. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र एका इंग्रजी साप्ताहिकात छापून आलं १८४८ला, आणि मग प्रत्येक मध्यमवर्गीय घराला झाड हवंसं झालं. जर्मनीत झाड आधीपासून होतं, पण जगभर गेलं ते या चित्रानंतर. तो गुबगुबीत, हसरा, लाल कोटातला सांता पक्का झाला १९३१पासूनच्या कोका-कोलाच्या जाहिरातींनी. म्हणजे जे चित्र ‘पारंपरिक’ म्हणून विकलं जातं, ते छापखाना, टपाल आणि जाहिरात या तिघांनी मिळून केलेलं आहे. वाईट आहे असं नाही. पण त्याच्या वयाबद्दल गैरसमज नको.

आता आपल्याकडं या. १८४२ला अमेरिकन मराठी मिशननं ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक सुरू केलं. म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांचं मासिक डिकन्सच्या त्या पुस्तकापेक्षा एक वर्षानं मोठं. आणखी मागं जा. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. सुमारे अकरा हजार ओव्या. छापलं १६१६ला. ज्ञानेश्वरीचा छंद, पुराणाचा घाट, मराठी भाषा, आणि त्यात येशूच्या जन्माची गोष्ट. लंडनच्या घरांत झाड शिरायच्या सव्वादोनशे वर्षं आधी ही गोष्ट मराठी ओवीत गायली जात होती.

याहून भारी गोष्ट पुढं आहे. अहमदनगरला १८३१ला ज्या अमेरिकन मिशनरींनी काम सुरू केलं, ती संस्था अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची, बोस्टनची. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ला ख्रिसमस साजरा करण्यावर बंदीचा कायदा झाला होता. पकडलात तर पाच शिलिंग दंड. तिथल्या कडव्या प्युरिटन ख्रिस्ती लोकांचं म्हणणं, बायबलमध्ये ही तारीखच नाही, हा सगळा चैनीचा प्रकार. कायदा १६८१ला उठला, पण तिथं ख्रिसमसची सरकारी सुट्टी सुरू झाली ती थेट १८५६ला. म्हणजे ‘मिशनरींनी त्यांचा सण आपल्यावर लादला’ हे वाक्य नगरच्या बाबतीत तरी जरा अवघड जातं. मिशनरी जिथून आले तिथंच तेव्हा तो सण धड मानला जात नव्हता. इथल्या माणसांना तो घरचा करायला करंजी, भजन आणि कीर्तन हाताशी होतं. पुढं रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनं लिहून ही वाट रुंद केली. आजही मराठी चर्चमध्ये टिळकांची गाणी म्हणतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी कुणाला तरी अभ्यासाला लागलं असेल. मार्कांपुरतं वाचलं असेल तर सुट्टीत पुन्हा वाचा, हसून हसून पुरेवाट होईल.

इतकं सांगून दुसरी बाजू झाकायची नाही. गोव्यात पोर्तुगिजांनी देवळं पाडली. १५६०पासून तिथं इन्क्विझिशन होतं आणि त्यानं माणसांचे हाल केले. ‘क्रिस्तपुराण’ त्याच राज्यात छापलं गेलं. सत्ता आणि धर्म हातात हात घालून आले, हे खरंच आहे. पण मराठवाड्याची गोष्ट वेगळी. आपण होतो निजामाच्या राज्यात. इथं जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री या मराठी ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या माणसानं ‘बेथेल’ नावाचं गाव वसवलं, आणि त्याला जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. मुसलमान संस्थानिकाचा दिवाण, ब्राह्मण पाद्री आणि वस्तीला आलेली बहुतेक दलित कुटुंबं. ही गोष्ट कुठल्याच फॉरवर्डमध्ये बसत नाही.

आणि बाहेरचं-आतलं हा वाद उमरग्यानं तरी कशाला घालावा? आपली येळवस घ्या. डिसेंबर-जानेवारीतली ती वेळ अमावस्या. सगळं गाव शिवारात. कडब्याची कोप, पाच पांडव, आंबील, भज्जी, उंडे. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायचं. पुण्याच्या रूममेटला हे समजावताना तुमची किती दमछाक होते ते आठवा. हा सण कर्नाटकातून आपल्याकडं आला असं सांगतात. आंबील शिंपताना आपण जे ओरडतो त्याचा मराठीत अर्थ लावायला बसलात तर संध्याकाळ होईल. म्हणून तो कुणाला परका वाटत नाही. आजी-आजोबांनी केला, शेतात केला, झाला आपला. मराठी नाताळही असाच आपला झालाय, फक्त ती घरं थोडी आहेत म्हणून दिसत नाही.

दिसण्याचा एक प्रसंग आपल्याच जिल्ह्यात घडला होता. १० ते १२ जानेवारी २०२०, तेव्हाचं उस्मानाबाद, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे कॅथलिक धर्मगुरू, ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षं संपादक, ‘सुबोध बायबल’ लिहिणारे, हरित वसईच्या आंदोलनातले. संमेलनाला ख्रिस्ती अध्यक्ष मिळायची ती पहिलीच वेळ. त्यांच्या निवडीला विरोध झाला, राजीनाम्याची मागणीही झाली. मुद्दा त्यांच्या मराठीचा नव्हता. तरी संमेलन झालं, धाराशिवच्या लोकांनी ते करून दाखवलं. दिब्रिटो २५ जुलै २०२४ला गेले. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, पण घरातल्या मोठ्यांना विचारा, मंडपात कोण कोण गेलं होतं ते.

दारावरची चांदणी

आता मूळ प्रश्नाकडं. ग्रुपवरची ती मुलगी गप्प का असते?

एक कारण सरळ आहे. गेल्या काही वर्षांत डिसेंबर जरा तापतो. २०२४च्या नाताळात इंदूरमध्ये सांताचा ड्रेस घातलेल्या एका फूड डिलिव्हरीच्या मुलाला अडवून तो उतरवायला लावला. बिचाऱ्याला कंपनीच्या कामासाठी तो घातलेला. २५ डिसेंबरला आता सुशासन दिनही असतो आणि ‘तुळशीपूजन दिवस’ही. तुळशीचं लग्न आपल्याकडं कार्तिकात लागतं हे सगळ्यांना माहीत असून तारीख नेमकी हीच लागते, यातच सगळं आलं.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि ते तुमच्या कॉलेजच्या ऑफिसमध्ये, फॉर्मच्या खिडकीवर सापडेल. त्यासाठी २५ डिसेंबरचा आणखी एक अर्थ लक्षात घ्या. १९२७ला याच तारखेला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. मराठवाड्यातले बहुतेक ख्रिस्ती हे दलित जातींतून आलेले. त्यामुळं एकाच भावकीत एक घर बौद्ध आणि दुसरं ख्रिस्ती असं असू शकतं. पंचवीस तारखेला एका घरातून माणूस मनुस्मृती दहन दिनाच्या कार्यक्रमाला जातो, दुसऱ्यातून चर्चला. आजोबा एकच, गावकुसाबाहेरचं घर एकच, अपमानही एकच.

दाखला मात्र एक नाही. अनुसूचित जाती कोण, हे ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश १९५०चा. त्यात सुरुवातीला फक्त हिंदू धरले. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणजे बौद्ध चुलतभावाला एससीचा दाखला मिळतो आणि ख्रिस्ती चुलतभाऊ आपल्या राज्यात ओबीसीत धरला जातो. एक १३ टक्क्यांच्या रांगेत, दुसरा १९ टक्क्यांच्या, तीही नॉन-क्रीमिलेअरचा कागद जोडून. शिष्यवृत्तीचे नियम वेगळे. अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण एकाला, दुसऱ्याला नाही. आणखी जवळचं सांगतो. आपला उमरगा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथं दलित ख्रिस्ती माणूस मत देऊ शकतो, उभा राहू शकत नाही.

मग काय होतं? कागदावर एक धर्म आणि घरात दुसरा. अशी कुटुंबं देशभर आहेत, हे यावर भांडणारे दोन्ही पक्ष मानतात. एक म्हणतो, फायद्यासाठी लपवतात. दुसरा म्हणतो, लपवायला भाग पाडलं जातं. २६ नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टानं पुदुच्चेरीच्या सी. सेल्वराणी यांच्या खटल्यात निकाल दिला. वडील जन्मानं हिंदू, आई ख्रिस्ती. बाईंना क्लार्कच्या नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता. कोर्टानं पाहिलं, लहानपणी बाप्तिस्मा झालाय आणि चर्चला नेमानं जातात. दाखला नाकारला. मनात श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाची फसवणूक ठरेल, असं कोर्ट म्हणालं.

कायद्याच्या चौकटीत तो निकाल समजतो. पण घरातून बघा. चर्चला जाणं हा पुरावा झाला. मग दारावरची चांदणी काय आहे? पस्तीस-चाळीस रुपयांचा कागद, पण गल्लीतल्या प्रत्येकाला ती काहीतरी सांगते. ती लावायची की नाही, स्टेटस ठेवायचं की नाही, मैत्रिणींना फराळाला बोलवायचं की नाही, हे ठरवताना एखादी आई लेकीच्या अॅडमिशनचा विचार करत असेल, तर तिला घाबरट म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

यावर उपाय काय, याबद्दल खरे मतभेद आहेत. ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग जातीच्या नावानं सवलत कशी, हा एक सवाल. आधीच तुटपुंज्या जागांत आणखी वाटेकरी आले तर आमच्या पोरांचं काय, हा एससी विद्यार्थ्यांचा सवाल, आणि तो खोटा नाही. दुसऱ्या बाजूला, रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ला सांगितलं की हा दर्जा धर्माशी बांधू नका. सरकारनं ते स्वीकारलं नाही. २०२२ला माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला, मग त्याला मुदतवाढ मिळत गेली. मला विचाराल तर, ‘त्या धर्मात जात नाही’ हा मुद्दा शीख आणि बौद्धांनाही लागू होतो. त्यांना घेतलं ते बरोबरच केलं, कारण धर्म बदलला तरी गाव बदलत नाही. तेच गाव ख्रिस्ती माणसाचंही आहे. जागांची भीती असेल तर त्या वाढवण्यावर बोलावं, चुलतभावाला दाराबाहेर ठेवून ती मिटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं. पण ‘पाश्चात्त्य सण’ या दोन शब्दांत हा विषय संपवू नका, तो तिथं सुरूसुद्धा होत नाही.

पुढची जनगणना ठरलीये, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. यावेळी जातही विचारणार आहेत. धर्म आणि जात असे दोन रकाने एकाच घरात, एकाच माणसासमोर, एकदम येतील. करंज्यांचा डबा ज्या फळीवर असतो, त्याच्याच खाली बसून कुणीतरी ते भरून देणार आहे. तुमच्यातले काही जण तेव्हा फायनल इयरला असतील, काही जण प्रगणकांसोबत दारोदार फिरतही असतील. तेव्हा समोरचा माणूस उत्तर द्यायला दोन क्षण थांबला तर घाई करू नका.

आणि यंदा जर कुणी वर्गातली मैत्रीण किंवा मित्र ‘दुपारी घरी ये’ म्हणाला तर जा. चर्चच्या उपासनेनंतर, साधारण एक-दीडला. लाल टोपी नको, गिफ्ट तर अजिबात नको. ‘मेरी ख्रिसमस’ म्हणा नाहीतर ‘नाताळच्या शुभेच्छा’, दोन्ही चालतं. घरातल्या आजीला नमस्कार केलात तर ती खूश होईल आणि बहुतेक टिळकांचं एखादं भजन म्हणून दाखवेल. रिकाम्या पोटी जा, कारण करंजी एकावर कुणी थांबू देत नाही. परत येताना हातात ताट दिलं तर ते दुसऱ्या दिवशी नेऊन द्या. रिकामं देऊ नका, आपल्यात देत नाहीत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घाला. येळवस जवळच असेल तर भज्जी चालेल.